'सोपा साप' नावाची थाप

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. ज्यांना साप या विषयाचीच शिसारी आहे त्यांनी आजचा शनिवार सोडून द्यावा, पुढच्या आठवड्यात पुन्हा नेहमीसारखं ऑफिस, ट्रॅफिक, पोहे वगैरे.

गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच प्रश्न विचारला. "साप पाळायचाय रे, सुरुवातीला कुठला सोपा?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही त्यांनीच दिलं, "कॉर्न स्नेकच ना?" पहिला आमच्याच टीममधला, त्याला मुलीच्या सातव्या वाढदिवसाला काहीतरी हटके द्यायचंय. दुसरा कॉलेजातला मित्र, सध्या डॅलसला. तिसरा पुण्यातला, त्याचं प्रकरण वेगळं आहे म्हणून त्याच्याकडे शेवटी येतो.

पुस्तकी उत्तर तेच आहे. कुठलंही मार्गदर्शन उघडा, पहिला साप म्हणून कॉर्न स्नेकचं नाव पहिल्या दोनांत असतंच. बिनविषारी, स्वभावानं मवाळ, पाच फुटांच्या पलीकडे क्वचितच जाणारा, खाण्यापिण्याचे नखरे कमी, आणि विकायला असतात ते बहुतेक पिंजऱ्यातच जन्मलेले. यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही 'सोपा' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. कोणासाठी सोपा? ते कोणी विचारतच नाही.

आधी ज्यांना हा प्राणीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. आपल्याकडे धामण आणि तस्कर असतात ना, शेताबांधावर उंदीर मारत फिरणारे, त्यांच्याच गोतावळ्यातला हा अमेरिकन भाऊबंद. शास्त्रीय नाव पँथेरोफिस गुटॅटस. न्यू जर्सीच्या पाइनच्या जंगलापासून खाली फ्लॉरिडाच्या टोकापर्यंत याचा मुलूख. (एडिसनवाल्यांनो, तुमच्या राज्यात तो जंगलात इतका कमी उरलाय की सरकारी यादीत धोक्यात आलेला म्हणून नोंदलाय.) मी राहतो त्या नॉर्थ कॅरोलायनात उन्हाळ्यात संध्याकाळी तापलेल्या डांबरी रस्त्यावर पसरलेला दिसतो. अंगावर नारिंगी-तपकिरी रंग, त्यावर काळ्या कडेचे लाल ठिपके, आणि पोटाखाली काळ्या-पांढऱ्या चौकटी, थेट बुद्धिबळाचा पट. ते पोट रंगीत मक्याच्या कणसासारखं दिसतं म्हणून कॉर्न स्नेक, असं एक मत. मक्याच्या कोठारात उंदरांमागे यायचा म्हणून, असं दुसरं. माझ्याकडे जी आहे तिचं नाव म्हणूनच 'कणीस' ठेवलंय.

१९५० च्या दशकात याच राज्यात काळं रंगद्रव्य नसलेला एक नर सापडला. बर्नार्ड बेक्टेल नावाच्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरनं त्याच्यापासून पैदास करून दाखवली, आणि तिथून जी रंगांची फॅक्टरी सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही. पांढरे, गुलाबी, राखाडी, पट्ट्यांचे, बिनपट्ट्यांचे. साड्यांच्या दुकानात जसं "ताई, यात अजून कलर दाखवू का" असतं तसं सापांच्या प्रदर्शनात प्लॅस्टिकच्या डब्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीत पेन्सिलीएवढं एक पिल्लू. नर्सरीतल्या मुलाच्या खेळण्याच्या भावात जिवंत प्राणी मिळतो. घरी नेऊन काय करायचं हे सांगायला एक पान छापलेलं असतं, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं 'नवशिक्यांसाठी उत्तम'.

आता मुद्दा. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला फॉल्ट टॉलरन्स म्हणतो तो गुण या सापात ठासून भरलाय. म्हणजे तुम्ही चुका केल्यात तरी सिस्टिम पडत नाही. आता ज्यानं कधी रात्री दोन वाजता प्रॉडक्शन सपोर्ट केलाय त्याला विचारा, सगळ्यात भीतीदायक सिस्टिम कुठली? धाडकन पडणारी नव्हे. ती परवडते, ती पडली की लगेच कळतं. भीती वाटते ती एरर गिळून गप्प चालत राहणाऱ्या सिस्टिमची. लॉगमध्ये काही नाही, डॅशबोर्ड हिरवागार, आणि आत सहा महिने डेटा सडतोय.

कॉर्न स्नेक हा एरर गिळणारा प्राणी आहे. कुत्रा ओरडतो, मांजर बोचकारते, पोपट पिसं उपटतो. हा काहीच करत नाही. थंडीत ठेवा, गप्प. चटका बसेल इतकं तापवा, गप्प. लपायला जागा देऊ नका, कोपऱ्यात वेटोळं घालून गप्प. तुम्हाला वाटतं, वा, काय शांत आहे! आणि वर आठवड्याला एक उंदीर गिळतोय म्हणजे सगळं उत्तम चाललंय. त्याच्या सोसण्याला आपण सोपेपणा म्हणतो. माझं भांडण आहे ते एवढ्याशीच.

उगाच हवेत बोलत नाही. कणीस माझ्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. आधीचं कुटुंब सज्जन, मुलांनी हट्ट केला म्हणून एका दुकानातून पिल्लू आणि सोबत 'स्टार्टर किट' घेतलेलं. काचेची टाकी, झाकण, पाण्याचं भांडं, टाकीखाली चिकटवायची हीट मॅट आणि काचेच्या भिंतीवर डकवायचा थर्मामीटर. थर्मोस्टॅट नाही. दुकानदारानं सांगितलंच नाही, किटमध्ये नव्हताच. आता बघा गंमत: भिंतीवरचा थर्मामीटर दाखवतो ७८ फॅरनहाइट, एकदम झकास. तो मोजतोय भिंतीजवळची हवा. खाली मॅटवरची काच मात्र थर्मोस्टॅट नसेल तर ११०-१२० पर्यंत जाऊ शकते. सेन्सर एकीकडे, आग दुसरीकडे. आमच्या ऑफिसात असा डॅशबोर्ड कोणी बनवला असता तर रिव्ह्यूमध्ये त्याची चटणी केली असती.

साप पोट शेकायला खाली जातो आणि चटका बसतोय म्हणून झटकन उठत नाही. पडून राहतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पोट भाजलेले साप हा काही दुर्मीळ प्रकार नाही. कणसाच्या पोटावरच्या बुद्धिबळाच्या पटातले जवळजवळ चार इंच खवले तपकिरी, सुरकुतलेले आणि काही ठिकाणी ओले होते. त्या कुटुंबाला पत्ताही नव्हता. कारण ती दर आठवड्याला जेवत होती. बाई मला अगदी मनापासून म्हणाल्या, "इतकी गुणी आहे, कधी काही त्रास नाही."

मलम, पेटीत भुशाऐवजी रोज बदलायचे कागदी टॉवेल, डॉक्टरांच्या चकरा. दर कातेबरोबर थोडी सुधारणा. पाच-सहा काती टाकून झाल्यावर जखम गेली, डाग राहिला. ती अजूनही तितकीच गुणी आहे.

माझं इंजिनिअरिंग सांगलीला झालं. तिथून शिराळा फार लांब नाही. नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवायची तिथली प्रथा, पुढे न्यायालयाच्या आदेशांनी त्यावर निर्बंध आले, हे सगळं आमच्या भागात चहाच्या टपरीवर तावातावानं चर्चिलं जायचं. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसलीय. नाग पुंगीच्या तालावर डोलतो असं आपण पिढ्यान् पिढ्या मानलं. प्रत्यक्षात त्याला बाहेरचे कान नाहीत, तो समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून बचावाच्या पवित्र्यात असतो. नाग दूध पितो असं मानलं. प्रत्यक्षात गारुडी त्याला आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवतो, मग समोर जे ओलं येईल ते तो पितो. म्हणजे तो घाबरला की आपल्याला दिसतो नाच, आणि तहानला की दिसतो प्रसाद.

आणि आता अमेरिकेत तेच, फक्त भक्ती जाऊन लाड आले. "माझ्या हातावर किती शांत बसतो, त्याला आवडतं हातात घेतलेलं." आवडतं हे कोणी सांगितलं? तो सहन करतो, त्याला सवय होते. सवय होणं चांगलंच आहे, मी पण कणसाला हातात घेतो. पण ती सवय आहे. पुंगीवाल्यापासून आपण फार पुढे आलोय असं समजायचं कारण नाही.

इथे दोन प्रकारचे लोक बाह्या सरसावून येतात. पहिले म्हणतात, "अहो, माझा साप छोट्या टाकीत पंधरा वर्षं जगला." जगला ना, त्याबद्दल वादच नाही. माणूसही मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत सात जणांबरोबर पन्नास वर्षं जगतो. म्हणून ते प्रमाण होत नाही. दुसरे जरा शास्त्रीय आव आणतात: "सापाचा मेंदू केवढासा, त्याला काय कळतंय? तुम्ही उगाच माणसाच्या भावना चिकटवताय." नेमकं उलट आहे हो! भावना चिकटवणारे तुम्ही, 'शांत आहे, आनंदी आहे' म्हणणारे. मी फक्त तापमान, लपायची जागा आणि अंग लांब करता येईल एवढी पेटी याबद्दल बोलतोय. आणि कळण्याचंच म्हणाल तर १९९९ मध्ये रोचेस्टर विद्यापीठात कॉर्न स्नेकच्याच पिल्लांवर प्रयोग झाला. गोल रिंगण, त्यात अनेक भोकं, सुटका एकाच भोकातून. काही दिवसांच्या सरावानंतर पिल्लं त्या भोकाकडे लवकर पोचायला शिकली. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी, पुन्हा कॉर्न स्नेकवरच, लहान आणि मोठ्या पेट्यांची तुलना केली. निवड करायला मिळाली तेव्हा सापांचा कल मोठ्या पेटीकडे होता. विचारलं की सांगतो बरं का तो. आपण विचारत नाही.

बरं मग, साप पाळूच नये का? पाळावा की! मी पाळलाय आणि मला त्यात प्रचंड आनंद आहे. दिवेलागणीला भुशातून आधी नाक, मग जीभ, मग सगळं अंग सावकाश बाहेर येतं, फांदीवर चढतं, दिव्याखाली तो नारिंगी रंग पेटतो... त्या वेळी मी लॅपटॉप बंद करून नुसता बघत बसतो. पण सुरुवात सापापासून करायची नसते. सुरुवात पेटीपासून करायची. आणि ती पेटी किमान दोन आठवडे रिकामी चालवायची.

हो, रिकामी. आपण कुठलंही सर्व्हर लाइव्ह करायच्या आधी टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवतो की नाही? मग जिवंत प्राणी काय थेट प्रॉडक्शनमध्ये टाकायचा? मोठ्या सापाला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी धरा. वीस गॅलनची टाकी आयुष्यभर पुरते हा जुना सल्ला आता विसरा, अडीच फुटांच्या टाकीत चार फुटांचा साप सरळ कसा होणार हे पाचवीतलं पोर सांगेल. एका टोकाला ऊब, ८५ ते ८८ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३० सेल्सियस. दुसरं टोक थंड, ७२ ते ७५. साप स्वतःचं तापमान या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकून सांभाळतो, म्हणून फरक हवाच. दोन्ही टोकांना लपायला एकेक घट्ट जागा. एकच ठेवलीत तर त्याला ऊब की सुरक्षितता यातून निवडावं लागतं, आणि बहुतेक वेळा तो लपणं निवडतो आणि जेवण पचवायला लागणारी ऊब सोडतो. मग उंदीर उलटून पडतो आणि आपण म्हणतो, उंदीर खराब होता.

ऊब देणारी प्रत्येक वस्तू थर्मोस्टॅटवर. यात सूट नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब पक्का बसवायचा, कारण सापानं तो ढकलून थंड बाजूला नेला तर हीटर बिचारा रात्रभर चालूच राहणार. जमिनीचं तापमान वेगळ्या थर्मामीटरनं किंवा त्या पिस्तुलासारख्या इन्फ्रारेड मोजणीनं तपासायचं. तळाला अ‍ॅस्पेनचा भुसा चालतो, देवदाराचा अजिबात नाही, त्याच्या वासाची तेलं सापाला घातक. आणि झाकणाला कुलूप. पिल्लाचं डोकं जिथून जाईल तिथून पिल्लू जातं. हे साप पळून जाण्यात शिवरायांच्या आग्र्याच्या पेटाऱ्याची बरोबरी करतील.

दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा. बाहेर थंडी वाढली तेव्हा काय झालं, वीज गेली तेव्हा काय झालं. ज्याला रिकाम्या पेटीचे आकडे चौदा दिवस लिहायचा कंटाळा येतो त्याला पुढची वीस वर्षं झेपणार नाहीत, आणि हे साप आणण्याआधी कळलेलं बरं. मी कणसाचं वजन, जेवण, कात, शी सगळं एका एक्सेल शीटमध्ये लिहितो. मित्र हसतात. पण जो प्राणी तक्रार करत नाही त्याच्या बाबतीत आकडा हीच तक्रार. वजन सलग घसरायला लागलं की तो बोलला असं समजायचं. नुसतं 'जेवला नाही' यावरून काही कळत नाही, कारण कात टाकायच्या आधी डोळे निळसर दुधी झाले की अनेक साप जेवत नाहीत, आणि मोठा धट्टाकट्टा साप काही आठवडे उपास करून ठणठणीत राहतो.

जेवण! इथे आपल्या मंडळींची खरी परीक्षा. साप उंदीर खातो. बस्स. दूध नाही, अंड्याची भुर्जी नाही, पनीर तर नाहीच. (डॅलसच्या मित्रानं खरोखर विचारलं, "काही व्हेज ऑप्शन?" :-) ) पिल्लाला पाच ते सात दिवसांनी एक 'पिंकी', म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी किंवा किंचित जास्त. मेलेला, गोठवलेला उंदीर आणायचा, रात्री थंड जागी वितळू द्यायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात कोमट करायचा. मायक्रोवेव्हमध्ये नाही, कृपा करा. जिवंत उंदीर सोडू नका, तो सापाला चावतो आणि त्या जखमा वाईट असतात.

म्हणजे घरात गोठवलेले उंदीर असणार. गोठवल्यानं साल्मोनेला मरत नाही, तेव्हा ते पुरणपोळ्या आणि मटारशेजारी ठेवायचे नाहीत. माझ्याकडे कपाटाएवढा वेगळा फ्रीझर आहे. आईला व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ती किंचाळेल असं वाटलं होतं. तिनं चष्मा सावरून एकच विचारलं, "गरम करायचं भांडं वेगळं ठेवलंयस ना?" असा नेमका प्रश्न एकाही दुकानदारानं गिऱ्हाइकाला विचारलेला मी ऐकला नाही. ज्यांच्या घरात या फ्रीझरवरून महाभारत होणार आहे त्यांनी ते साप आणण्याआधी करून घ्यावं. नंतर त्यात उपाशी राहतो तो साप.

टीममधल्या मित्राला मी सरळ सांगितलं, वाढदिवसाची भेट म्हणून साप देऊ नकोस. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घरी सरपटणारे प्राणी नकोत असा इथल्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्लाच आहे. सात वर्षांच्या मुलीला हात धुण्याची सवय लावून साप हाताळू देता येईल, पण साप तिचा नसेल, तुझा असेल. ती सत्तावीस वर्षांची होईपर्यंत तो जगू शकतो. शिवाय भेट आणल्या दिवशी हातात घेऊन फोटो काढायचा मोह होणारच, आणि नव्या सापाला तर पहिला आठवडाभर, खरं तर दोन-तीन वेळा नीट जेवेपर्यंत, हात लावायचा नसतो. जेवल्यावरही दोन दिवस नाही. हे कुठल्या सात वर्षांच्या पोराला वाढदिवसाला झेपेल? त्याचा चेहरा पडला. पडू दे.

आता सगळ्यात नाजूक विषय. कॉर्न स्नेक पंधरा ते वीस वर्षं जगतो. आणि आपला व्हिसा? एच-वन-बी साधारण सहा वर्षं, पुढे ग्रीन कार्डच्या रांगेवर वाढत जातो, आणि भारतीयांची ती रांग कशी आहे हे मी सांगायला नको. नोकरी गेली तर साठ दिवस. त्या साठ दिवसांत गाडी विकायची, घराचं लीज तोडायचं, मुलांची शाळा, सामानाचे खोके... आणि कोपऱ्यात चार फुटांची पेटी. कुत्र्या-मांजरासारखा साप विमानानं सोबत भारतात नेता येत नाही. मग पर्याय काय उरतात? कोणालातरी घाईनं गळ्यात मारणं. नाहीतर 'निसर्गात सोडणं', हा तर सगळ्यात वाईट, पिंजऱ्यात वाढलेला साप उपाशी मरतो किंवा जंगलातल्यांना रोग देतो. कणीस माझ्याकडे आली ती अशाच एका घाईच्या स्थलांतरातून.

मी स्वतः व्हिसावरच आहे, त्यामुळे हा उपदेश बाहेरून करत नाही. कणसाला घरी आणायच्या आधी मी इथल्याच एका अनुभवी बाईंशी बोललो, ज्यांच्याकडे अनेक वर्षं साप आहेत. मला जावं लागलं तर कणीस त्यांच्याकडे जाईल. हे तोंडी नाही, पेटीच्या मागे कागद चिकटवलाय, त्यावर त्यांचा फोन, डॉक्टरांचा फोन, जेवणाची शेवटची तारीख. ज्याला असा एक माणूस सापडत नाही त्यानं साप घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. निर्दयी वाटेल. वाटू दे.

पुण्यातल्या मित्राचं राहिलंच. त्याला तिथेच, सोसायटीत, कॉर्न स्नेक हवाय. देशी साप घरात ठेवायचे नाहीत हे त्याला माहीत आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा धामणीलाही लागू आहे आणि तस्करलाही. "पण हा परदेशी आहे, आणि साइट्सच्या यादीतही नाही," हे त्यानं मला पाठ करून ऐकवलं. यादीत नाही हे खरं. यादीतल्या परदेशी प्राण्यांसाठी २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नोंदणीचे नियम आले, ते याला थेट लागू होत नाहीत. पण परदेशातून जिवंत प्राणी आणायला आयात परवाना आणि क्वारंटाइनची कागदपत्रं लागतातच. तुझ्या विक्रेत्याकडे आहेत का, विचार. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे साप सापडले, नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. कुठे लपवले होते? केक आणि बिस्किटांच्या पाकिटांत! या प्रवासात जे मरतात त्यांची बातमी येत नाही, जे जगतात ते 'सोपा, काटक साप' म्हणून विकले जातात. काटक तर असणारच, बिस्किटाच्या पुड्यातून जिवंत आलाय तो. मित्र म्हणाला, माझा विक्रेता इथेच पैदास करतो. करत असेल. मग त्यानं आई-बापाचे कागद दाखवावेत. यावर मित्रानं विषय बदलून आयपीएल काढली.

राहता राहिला डॅलसवाला. त्याला मी पिल्लू घेऊ नको म्हटलंय. पिल्लू गोड दिसतं, पण जेवायला नखरे करायचं ते पिल्लूच, आणि सात-आठ ग्रॅमच्या जिवाला उपास झेपत नाही. त्यापेक्षा पाच-सात वर्षांचा, नीट जेवणारा, घर शोधणारा मोठा साप घ्यावा. रंग कदाचित साधा नारिंगी असेल, पोटावर डाग असेल. असे साप बचाव संस्थांकडे आणि सर्पप्रेमींच्या स्थानिक मंडळांकडे पडून असतात, कारण सगळ्यांना गुलाबी पिल्लू हवं असतं. त्यानं पेटी आणलीय, थर्मोस्टॅट लावलाय, काल आकड्यांचा पहिला आठवडा मला मेल केला. रात्री तीनला उबेच्या टोकाला ९३ लागतंय. प्रोब काचेपासून सुटलाय बहुतेक, त्याला कळवलंय. पेटी अजून रिकामी आहे.